हार्डविनचा वारस

एल्मस्टो हॉलच्या स्वयंसेवकांमध्ये कडूबा गवई हे एकटेच असे होते, जे एखाद्या खोलीची माहिती पाठ करण्यापूर्वी त्या खोलीचा आराखडा काढून घेत. औरंगाबादच्या शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यापासून त्यांना ही सवय होती, आणि कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातील ड्रॉइंग ऑफिसात सारी नोकरी काढल्यावर ती सुटण्याचा प्रश्नच उरला नव्हता. निवृत्तीनंतर ते दर शनिवारी या सरदारी वाड्यात जात आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीत उभे राहून पाहुण्यांना माहिती देत. खिडक्यांच्या लोखंडी गजांकडे ते आवर्जून लक्ष वेधत. मुले खाली पडू नयेत म्हणून हे गज बसवले आहेत, असे ते आजवर सांगत आले होते.

फेब्रुवारीत हॉलच्या अभ्यासक हॅरिएटने सर्व स्वयंसेवकांना खालच्या दालनात बोलावले आणि गजांची ही कथा चुकीची असल्याचे सांगितले. नव्या हंगामासाठी तिने जी माहिती शोधून काढली होती, ती साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लॉर्ड हार्डविनची होती. दरबारातून अपमानित होऊन परतलेल्या या सरदाराने एका हिवाळ्यात स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्यूरीने माणूस शहाणा होता असे ठरवले, तर त्याची सारी जंगम मालमत्ता राजाकडे जमा होई आणि प्रेत चर्चच्या आवाराबाहेर, रस्त्यांच्या चौफुलीवर, छातीत खुंट ठोकून पुरले जाई. तो वेडा होता असे ठरवले, तर यातले काहीच होत नसे.

"या लोकांच्या ग्रंथालयात, पराभवानंतर स्वतःला संपवणाऱ्या रोमन सेनानींची चरित्रे असत," हॅरिएट म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर ते त्यांची तारीफ करत. स्वतःच्या घरात तेच घडले, की मात्र वेड. त्यांच्या पत्नीने, लेडी हार्डविनने, नोकरांना साक्षीला उभे केले. मालक भिंतीशी बोलायचे, दोन पायांत दोन तऱ्हेचे बूट घालायचे, असे त्यांच्याकडून वदवून घेतले. ज्यूरीत सगळी त्यांचीच कुळे होती. निकाल आला वेडाचा, आणि लॉर्ड हार्डविन चॅपलमध्ये संगमरवराखाली गेले. त्याच हिवाळ्यात त्यांच्या तबेल्यातला एक मोतद्दारही त्याच मार्गाने गेला. त्याच ज्यूरीने त्याला शहाणा ठरवले. तो चौफुलीवर गेला."

"वकील चांगला असला, की माणूस मेल्यानंतरही वेडा होऊ शकतो," एक निवृत्त सॉलिसिटर म्हणाले. सगळे हसले.

कडूबाही हसले. आपण हसलो हे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी समोरचा चहा उगाच ढवळला.

मोतद्दाराचे ऐकून त्यांना प्रथम राग आला होता. गावात कोणाचे प्रेत कोणत्या वाटेने न्यायचे, हे जिथे जन्मावरून ठरत असे, तिथून ते आलेले होते. चौफुलीवर पुरलेला माणूस त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु तो राग फार काळ टिकला नाही. त्याच्या खालून दुसरेच काही वर आले.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास सप्टेंबरमध्ये गेला होता. ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो मोठ्या पदावर होता. घरी पत्नी कल्याणी, नऊ वर्षांची मुलगी मायरा. शेवटच्या वर्षी तो कमी बोलत असे, इतकेच कडूबांच्या लक्षात आले होते, आणि त्याचा अर्थ त्यांनी कामाचा ताण असा लावला होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या सुनावणीत त्या अधिकारी बाईंनी अतिशय सौम्य आवाजात निष्कर्ष वाचला: सुहासने स्वतःचे जीवन संपवले. कोणी कोणाला दोष दिला नाही. बाकांवर बातमीदार नाही, हे पाहून कडूबांना जे हायसे वाटले, ते आठवले की त्यांना आजही घाम फुटे.

कारण तोवर ते दुसरेच काही सांगून बसले होते. सुहास गेला त्या संध्याकाळी कॉव्हेंट्रीच्या विहाराचा सचिव अजय याचा फोन आला, आणि "हार्ट अटॅक" हे शब्द कडूबांच्या तोंडून आपोआप बाहेर पडले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तेच त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले. त्याच्या थोडेच आधी सर्वांसोबत उभे राहून त्यांनी पंचशील म्हटले होते. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे.

दर जयंतीला हेच कडूबा तरुणांना सांगत, की आपला माणूस लढतो, आपला माणूस मैदान सोडत नाही. उदाहरण म्हणून ते सुहासचे नाव घेत. विहारातल्या आया आपल्या मुलांना सुहासदादांसारखे शिका असे म्हणत. ते नाव खाली पडू द्यायचे नव्हते. आणि खरे पाहता, स्वतःची भाषणेही.

शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत कल्याणी मायराला घेऊन कॉव्हेंट्रीला आली. शुक्रवारी संध्याकाळी मायरा वरच्या खोलीत होती. कडूबांच्या पत्नी गयाबाई भाकरी थापत होत्या. तेवढ्यात अजयचा फोन आला. कडूबांचे कान अलीकडे मंद झाल्यामुळे फोन नेहमीच स्पीकरवर असे.

"जय भीम, काका! एक आनंदाची... म्हणजे आनंदाची नाही म्हणता येणार, पण कमिटीनं ठरवलंय. मार्चमध्ये विहारात हार्ट चेकअपचं शिबिर घेतोय. 'सुहास गवई स्मृती हृदयतपासणी शिबिर.' आपली तरुण मुलं अशी अचानक जाऊ नयेत म्हणून. ईसीजी, ब्लड प्रेशर, सगळं. उद्घाटन तुमच्या हस्ते. बॅनरवर दादांचा डिग्रीच्या गाऊनमधला फोटो टाकतोय, चालेल ना?"

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"चालेल," कडूबा म्हणाले.

फोन बंद होताच कल्याणी खुर्ची ओढून समोर बसली. ती वॉटफर्डमध्ये जन्मली, वाढली. तिचे मराठी तिच्या आईच्या स्वयंपाकघरात शिकलेले होते आणि रागात अधिकच अडखळत असे.

"चालेल? बाबा, सीरियसली, चालेल म्हणालात तुम्ही?"

"नाही म्हणायला काय कारण सांगणार होतो मी?"

"मायरा शाळेत पीई करत नाही. ट्रॅम्पोलिनवर जात नाही. बर्थडे पार्टीला गेली तर कोपऱ्यात बसते. रात्री असं दोन बोटं मनगटावर ठेवून झोपते, काउंट करत. डॉक्टरकडे, जीपीकडे नेलं. तो म्हणाला, नथिंग रॉंग. मग मला बाहेर घेऊन विचारतो, हिच्या वडिलांना हार्टचा प्रॉब्लेम होता असं कोणी सांगितला हिला? त्याच्याकडे तर खरं लिहिलंय ना! मी काय सांगू? माझी सासऱ्यांनी?"

"हळू बोल. वर आहे ती."

"पाच महिने हळूच बोलतेय मी." कल्याणीने आवाज खाली घेतला. "काउन्सेलर म्हणते सांगा, साध्या शब्दात सांगा, आत्ता सांगा. मी थांबले कारण तुम्ही माझ्याकडून प्रॉमिस घेतला. मला तो प्रॉमिस परत पाहिजे."

"लहान आहे अजून. मोठी झाली की आपणच—"

"मोठी कशी होणार? तिला वाटते ती होणारच नाही."

कडूबांनी उत्तरासाठी गयाबाईंकडे पाहिले. गयाबाई तव्याकडे बघत होत्या. त्या क्वचितच मध्ये पडत.

"माझ्या लेकराचं काळीज चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्याला नाव ठेवलं तुमी."

"मग काय सांगायचं होतं मी? विहारात उभं राहून, एवढ्या लोकांपुढं?"

"काहीच सांगायचं नव्हतं. रडायचं व्हतं नुसतं."

कडूबा उठून पुढच्या खोलीत गेले. एल्मस्टोच्या मुलांच्या खोलीचा आराखडा टेबलावर उघडा होता, तो त्यांनी पुढे ओढला. लेडी हार्डविनला निदान मालमत्ता वाचवायची होती; आपण काय वाचवले, या प्रश्नाचे उत्तर ते बराच वेळ शोधत राहिले. पद्धतशीर माणसाला स्वतःला फसवण्यासाठीही कारणांची नीट मांडणी लागते, आणि ती त्या रात्री त्यांना जमली नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणी आणि मायरा त्यांच्यासोबत हॉलवर आल्या. आजोबांचे नवे भाषण ऐकायचे, असा मायराचाच हट्ट होता. ती लाकडी जिन्यावरून सावकाश चढली, मध्येच थांबली, आणि वर पोचल्यावर गालिच्याच्या कडेला सर्वांच्या पुढे मांडी घालून बसली. दहाबारा पाहुणे होते. कल्याणी दाराशी उभी राहिली.

कडूबांनी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. ज्यूरीचे सांगितले, बुटांचे सांगितले, मोतद्दाराचे सांगितले. मग भिंतीवरच्या एका फिकट तरुणाच्या चित्राकडे त्यांनी हात केला.

"हा एडवर्ड, लॉर्ड हार्डविनचा वारस. वडील गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता. या खिडक्यांना गज त्याच वर्षी बसवले. याच्या वडिलांना वेड होते असे एकदा ठरल्यावर, ते वेड याच्या रक्तात असणार असे सर्वांनी धरले. दर वसंतात वैद्य येऊन याचे रक्त काढत. याच्या हाती कधी वस्तरा दिला नाही. याला ऑक्सफर्डला पाठवले नाही. मोठा झाल्यावर कोणी याला मुलगी दिली नाही."

"तो वेडा झाला का?" मायराने इंग्रजीत विचारले. घरात आजोबांशी मराठी बोलायचे असा नियम होता, पण पाहुण्यांसमोर ती इंग्रजीच बोले.

"नाही. तशी कुठेही माहिती नाही."

"पण त्याला वाटायचं, की होणार?"

हॅरिएटने सांगितलेली एक गोष्ट कडूबांनी भाषणातून मुद्दाम वगळली होती. आता मुलीने थेट विचारल्यावर त्यांना ती लपवता आली नाही. "तो रोज सकाळी आपल्या नोकराला विचारायचा, काल रात्री मी नीट बोललो ना, म्हणून."

पाहुण्यांपैकी कोणीतरी हळहळले. मायरा विचार करत होती.

"त्याच्या आईला माहीत होतं ना, की त्याचे बाबा खरे वेडे नव्हते?"

"होतं."

"मग तिने त्याला सांगितलं का नाही?"

"ती कुटुंबाला वाचवत होती, बाळा," मागून एक वयस्कर बाई प्रेमाने म्हणाल्या.

मायरा वळली. "पण तोच कुटुंब होता ना?"

बाई हसल्या, इतरही हसले. कडूबा हसले नाहीत. त्यांच्या पायापाशी बसलेल्या नातीची दोन बोटे डाव्या मनगटावर होती. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, इतक्या सवयीने, की आपण मोजतो आहोत हे बहुधा तिलाही ठाऊक नव्हते. त्या क्षणी कडूबांना लाज वाटली. पुढची वाक्ये त्यांना तोंडपाठ होती, एकही आठवेना. शेजारच्या दालनातून सॉलिसिटर डोकावले, त्यांना कडूबांनी हातानेच खूण केली, आणि पाहुणे त्यांच्यामागे निघून गेले.

"आजोबा, तुम्ही विसरलात?" मायराने मराठीत विचारले.

"हो. चल, खाली जाऊ. केक खाऊ."

जिन्यात ते कल्याणीपाशी थांबले. सुनेच्या डोळ्यांकडे पाहणे त्यांना जमले नाही. ते कठड्याकडे पाहत बोलले. "तुझं वचन तुला परत दिलं. पण एक विनंती आहे. मी खोटं बोललो, तर खरंही मीच सांगतो. तू शेजारी बस. मी चुकलो तिथं थांबव."

कल्याणीने मान हलवली.

टीरूमच्या बाहेरच्या अंगणात थंडीमुळे कोणी नव्हते. मायराने लेमन केक घेतला. कडूबांनी चहा घेतला आणि तो तसाच ठेवला. मनात त्यांनी वाक्ये क्रमाने लावली होती. त्यातले पहिलेच बाहेर पडताना मोडले.

"मायरा, तुझ्या डॅडीचं... डॅडीचं हार्ट चांगलं होतं. एकदम चांगलं. त्याला हार्ट अटॅक आला नव्हता. मी खोटं सांगितलं होतं."

मायराने आईकडे पाहिले. कल्याणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "आजोबा खरं सांगतात, स्वीटी. ऐक."

"डॅडी आजारी होता, पण मनानं. फार दिवस. आम्हाला नीट दिसलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. इतकं दुखायला लागलं त्याला, की ते थांबेल असं त्याला वाटेचना. म्हणून त्यानं स्वतःच... स्वतःच स्वतःला मारलं. त्याला आत्महत्या म्हणतात."

तो मराठी शब्द कडूबांनी सप्टेंबरपासून एकदाही उच्चारला नव्हता. कॉरोनरच्या इंग्रजी वाक्याआड ते राहिले होते. शब्द बाहेर पडल्यावर त्यांनी नकळत आजूबाजूला पाहिले. कोणी ऐकले का, हे पाहण्याची ती सवय होती, आणि तिचीही त्यांना तितकीच लाज वाटली.

मायरा बराच वेळ केकवरच्या साखरेला बोटाने टोचत राहिली.

"माझ्यामुळे?"

"नाही!" कल्याणी आणि कडूबा एकदम म्हणाले.

"मी टॅब्लेटवरून त्याच्याशी भांडली होती."

"त्यामुळं नाही, बेटा. कोणाच्या भांडणानं असं होत नाही," कडूबा म्हणाले. "मी तर तुझ्या डॅडीशी आयुष्यभर भांडलो."

"मग माझं मन पण तसं होणार? त्या एडवर्डसारखं?"

हा प्रश्न येईल हे त्यांना वर मुलांच्या खोलीतच कळले होते. नाही, कधीच नाही, असे ठामपणे म्हणणे सोपे होते, आणि तसे ठामपणे बोलूनच ते इथवर आले होते.

"एडवर्डला काही झालं नव्हतं. त्याला लोकांनी घाबरवलं. तुला काही होणार असं मला वाटत नाही. पण कधी मनात फार जड वाटलं, दिवसेंदिवस वाटलं, तर तू सांगायचं. मम्मीला, आजीला, मला, डॉक्टरला. त्याला औषध असतं, माणसं असतात. आणि आम्ही कोणी तुला गप्प बस म्हणणार नाही. मीसुद्धा नाही."

"तुम्ही का सांगितलं हार्ट?"

"लाज वाटली मला."

"डॅडीची?"

कडूबांनी होकारार्थी मान हलवली. मायरा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहू लागली की ती त्यांना फार दिवस पुरणार होती. तिने रागाने तोंड फिरवले आणि आईच्या कोटात खुपसले. ती रडली, आधी आवाज न करता आणि मग मोठ्याने. आतल्या काचेतून दोघांतिघांनी वळून पाहिले. या वेळी कडूबांनी तिला गप्प केले नाही.

रडणे ओसरल्यावर ती आईच्या कुशीतूनच म्हणाली, "आजीला माहितेय?"

"आहे."

"सगळ्यांना माहितेय, मलाच नाही?"

"विहारात कोणाला माहीत नाही."

"म्हणून ते हार्टचं कॅम्प करतात?" तिने डोळे पुसले. अजयचा स्पीकरवरचा आवाज काल वरच्या खोलीपर्यंत गेला होता. "मग त्यांना पण सांगा."

कल्याणी मदतीला येणार नव्हती, आणि कडूबांनी तशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नव्हते. त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला आणि अजयचा नंबर लावला. स्पीकर बंद करावा असे क्षणभर मनात आले. त्यांनी तो तसाच ठेवला.

"बोला, काका! बॅनर आलाय छापून. एकदम झकास दिसतायत दादा."

"अजय, बॅनर लावू नकोस. सुहासला हार्ट अटॅक आला नव्हता. त्यानं आत्महत्या केली. मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं."

पलीकडे कोणीतरी खिळे ठोकत होते. ते थांबले.

"काय म्हणता, काका?"

"खरं तेच सांगतोय."

"पण तुम्ही तर माइकवरून..." अजय थांबला. "आम्ही दोनदोन तास उभं राहून वर्गणी... म्हणजे तसं नाही, पण पोरांना मी सांगितलंय काका, दादांच्या हार्टमुळं सिगारेट सोडा म्हणून. आता काय सांगू त्यांना?"

"मी येऊन सांगतो. पुढच्या रविवारी. मला उभं राहू द्या."

"बघतो," अजय म्हणाला. तो आवाज कडूबांच्या ओळखीचा नव्हता. "विचारावं लागेल कमिटीला." फोन बंद झाला. जय भीम म्हणायचे दोघांचेही राहून गेले.

कडूबांचे कान तापले होते. पन्नाशी न गाठलेल्या मुलाने आपल्याशी असे बोलावे, हे त्यांना नवे होते, आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते.

"तो रागावला?" मायराने विचारले.

"रागावला असेल."

"परत करा ना फोन. सॉरी म्हणायचं राहिलं."

ते खरे होते. कडूबांनी पुन्हा नंबर लावला. फोन एंगेज होता. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तरी एंगेज. अजय कोणाशी तरी बोलत होता, तो कोणाशीतरी बोलेल, आणि संध्याकाळपर्यंत, गयाबाईंच्या चुलीपाशी पोचण्याआधीच, ही गोष्ट कॉव्हेंट्रीतल्या प्रत्येक घरी पोचलेली असेल. आणखी कोणाला गाठून आवरते घेता येईल, अशी दोनतीन नावे सवयीने त्यांच्या डोक्यात आली. त्यांनी ती नावे तशीच जाऊ दिली.

"विहारात खरं सांगून टाकलं, हे गयाबाईला सांगायला हवं," ते कल्याणीला म्हणाले. "लोकांचे फोन यायच्या आधी."

"चला मग," कल्याणी म्हणाली, आणि मायराचा राहिलेला केक तिने टिशूत बांधून घेतला.